रव्याच्या दाण्याचा डॅशबोर्ड

मी गाड्या आतून रंगवतो. असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, म्हणजे सीट शिवता? नाही. सीट शिवणारा वेगळा, आणि बाहेरून रंग मारणारे तर आमच्या गोव्यात पेडण्यापासून म्हापशापर्यंत ढिगानं आहेत. मी रंगवतो ते प्लास्टिक. डॅशबोर्ड, दाराच्या आतल्या पट्ट्या, गिअरभोवतीचा डबा, काचेच्या बाजूचे खांब, हँडलं. गाडीत बसल्यावर जे सतत डोळ्यांसमोर असतं आणि ज्याच्याकडे कुणी कधी बघत नाही, ते सगळं माझ्याकडे. वीस वर्षं आपल्याकडचं ऊन आणि खारा वारा खाल्लेली गाडी एकदा आतून नीट बघा. काळं होतं ते राखाडी झालेलं, राखाडी होतं ते पिवळं, आणि पिवळं होतं त्याला तर रंगच उरलेला नाही. मग माझी आठवण येते.

साठी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, तरी एक गोष्ट अजून तशीच आहे. रंग सुकला आणि कडेची कागदी टेप ओढायची वेळ आली की माझ्या छातीत धडधडतं. टेप निघते, खालून सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ दिसते, आणि शेडमध्ये एकटाच असलो तरी मी मोठ्यानं ‘वा’ म्हणतो. आमची शैला म्हणते, लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा तुमचा चेहरा एवढा फुलला नव्हता.

सुरुवात माझी डिचोलीला झाली, खाणीच्या ट्रकांवर. त्या कामाला नजाकत लागत नव्हती, दंड लागत होते. लाल धुळीनं सगळे ट्रक पंधरा दिवसांत एकाच रंगाचे व्हायचे, म्हणून मालक लोक निदान पुढे देवाचं नाव आणि मागे फुलं ठळक मागायचे. मी फुलं फार सुंदर काढायचो, हे स्वतःच सांगतो कारण आता सांगणारं दुसरं कुणी नाही. खाणी बंद पडल्या आणि ट्रक जिथे होते तिथे उभे राहिले. आपणच काढलेली फुलं रोज गंजताना बघणं मला जमेना. पेडण्याला घरी परतलो आणि मालप्याच्या वाटेवर पत्र्याची शेड घातली.

प्लास्टिकशी गाठ पडली ती हरमलच्या एका माणसामुळे. तो पर्यटकांना गाड्या भाड्यानं द्यायचा. त्याला गाडीचा डॅशबोर्ड जांभळा हवा होता. कुणीतरी परदेशी पाहुणीनं म्हणे त्याला सांगितलं होतं की जांभळ्या रंगानं मन शांत होतं. मी ट्रकाला मारतात तसा रंग मारला, जांभळा असा चकाकला की तो माणूस टाळ्या वाजवत गाडी घेऊन गेला. पंधरवड्यात परत आला. रंगाची सालं निघत होती, उन्हात भाजलेल्या गोऱ्या पाहुण्यांच्या पाठीची निघतात तशी. माझी मान खाली गेली. पण त्याच दिवशी मला या कामाचं वेड लागलं, हेही खरं.

कारण पत्रा वेगळा आणि प्लास्टिक वेगळं. पत्र्याला रंग हवा असतो, प्लास्टिकला नको असतो. त्यातही प्लास्टिकच्या जाती. आतल्या बाजूचा एक कपटा कापून पाण्यानं भरलेल्या बाल्दीत टाकायचा. बुडला तर बरं, तरंगला तर समजायचं की हा तेलकट जातीचा, याच्यावर आधी खास अस्तर मारल्याशिवाय रंग धरणार नाही. मग साबणानं धुणं, स्पिरिटनं पुसणं, करड्या घासणीनं हलकं खरवडणं. मग अस्तर, मग रंगाचे हात, एकदम पातळ. पहिला हात मारल्यावर काम बिघडलंय असंच वाटलं पाहिजे, इतका पातळ. घाई करणाऱ्यानं इथेच माती खाल्ली. शेवटी वरून बिनचमकीचं लॅकर. पावसाळी हवेत लॅकर मारलं तर त्यात पांढरा ढग धरतो, म्हणून आमच्याकडे जून ते सप्टेंबर मी आकाशाकडे जेवढं बघतो तेवढं शेतकरीही बघत नसेल.

आणि तेल. डिचोलीच्या एक बाई होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका, गाडीवर जीव. त्यांच्या डॅशबोर्डवर मी रंग मारला की रंगात गोल गोल खळगे पडत, आम्ही त्यांना माशाचे डोळे म्हणतो. तीनदा धुतलं, तीनदा डोळे. शेवटी मी विचारलं, बाई, तुम्ही याला काही लावता का? त्या अभिमानानं म्हणाल्या, दर शनिवारी खोबरेल, अठरा वर्षं, एकही शनिवार चुकला नाही. त्या गाडीनं माझ्याकडून जितकं पाणी काढलं तितकं माझ्या विहिरीनंही कधी दिलं नव्हतं. पण शेवटी डोळे मिटले, आणि बाईंनी खोबरेल सोडलं. निदान मला तसं सांगतात.

तर असं हे काम. लोकांना वाटतं, यात डोळ्याचं कसब आहे. मलाही तसंच वाटायचं, केरीच्या बाबलकाकांची गाडी येईपर्यंत.

गाडी घेऊन आली त्यांची मुलगी सुषमा. पेडण्याच्या सरकारी कचेरीत कारकून, चाळिशीची, बोलायला धीट. लांब, करड्या रंगाची जुनी गाडी. बाबलकाका टॅक्सीवाले, सगळा जन्म केरी आणि पणजी यांच्या मधल्या रस्त्यावर गेलेला. ही गाडी त्यांनी हॉटेलच्या पाहुण्यांसाठी घेतली होती, तेव्हा केरीत एवढी भारी गाडी दुसरी नव्हती. पुढे साखरेच्या आजारानं त्यांची दृष्टी गेली. आधी एक डोळा, मग दुसरा. गाडी तेव्हापासून सुषमा चालवते, पण काकांनी गाडीला सोडलं नव्हतं. रोज पहाटे काठी टेकत अंगणात जायचे, चालकाच्या जागेवर बसायचे, स्टिअरिंगवर हात ठेवायचे. मुलगी उठून चहा घेऊन जाईपर्यंत ते तिथेच. आंधळ्या माणसाचा तेवढाच फेरफटका.

ते अलीकडे बंद झालं होतं. कारण साधं होतं. त्या दर्जाच्या गाड्यांना डॅशबोर्डवर एक मऊ, रबरासारखा लेप असतो. नवा असताना हाताला फार गोड लागतो. पण आपल्या दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की तो विरघळायला लागतो, गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. त्यावर धूळ बसली, वर ऊन लागून दोन मोठ्या चिरा पडल्या. काकांचा हात त्याला चिकटायला लागला. एक दिवस ते गाडीतून उतरले, हात धुतले आणि म्हणाले, गाडी आजारी पडली. त्यानंतर खाटेवरून उठेनासे झाले. जेवण अर्धं झालं, बोलणं तर त्याहून कमी. गल्फमधला भाऊ फोनवर सांगत होता, ती भंगारात दे, कशाला ठेवलीय. काकांचे कान मात्र शाबूत होते, त्यांनी ते ऐकलं होतं.

सुषमानं मला हे सगळं शेडमध्ये उभं राहून सांगितलं आणि म्हणाली, “दामूबाब, रंग खंयचोय मारा. बाबांच्या हाताक कळूंक जाय, ही आपलीच गाडी म्हणून. तितलां झालां तर ते परत उठतले.”

चाळीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक मला पहिल्यांदा मिळालं. रंग कोणता हे ज्याला बघायचंच नाही, असं. मी तिला हो म्हणून पाठवलं आणि मग अर्धा तास त्या गाडीत डोळे मिटून बसलो. शेजारचा पंक्चरवाला येऊन विचारून गेला, बरं नाही का. मला उलट फार बरं वाटत होतं. अंगावर रोमांच उभे होते. ज्या प्लास्टिकवर मी इतकी वर्षं नजर ठेवली त्याला माझी बोटं पहिल्यांदाच वाचत होती. डॅशबोर्डवर सगळीकडे एक बारीक दाणा असतो, माहीत आहे तुम्हाला? कातड्यासारखा दिसावा म्हणून कारखान्यातच पाडतात. डोळ्याला तो नुसता मंदपणा वाटतो. बोटाला तो गाव वाटतो, त्यात वाटा असतात.

चिकट लेप काढायलाच दोन दिवस गेले. स्पिरिटमध्ये भिजवलेली फडकी, लाकडी पट्टी, आणि धीर. लोखंडी पातं लावलं की खालचा दाणा गेलाच. खालून मूळचं कडक प्लास्टिक निघालं, दाणा जागच्या जागी. मला नाचावंसं वाटलं. पण चिरा होत्या, दोन मोठ्या आणि इथेतिथे डाग, भोकं, ओरखडे. चिरा फिलरच्या जाड भरण्यानं भरल्या, घासल्या, आणि इथे खरी अडचण आली. जिथे भरलं तिथे गुळगुळीत झालं. रंग मारल्यावर डोळ्याला कुणालाही कळलं नसतं. पण हात फिरवला की दाण्यातून एकदम काचेवर घसरल्यासारखं. काकांचं बोट तिथे थांबलंच असतं.

म्हणजे दाणा मलाच पाडायचा होता. हे होतं, पण फार थोडे लोक करतात. फवारणीच्या बंदुकीची हवा एकदम कमी करायची, रंग जरा घट्ट ठेवायचा, म्हणजे रंग धुक्यासारखा न जाता थेंबाथेंबानं उडतो. थेंब सुकले की दाणा. किती हवा, किती घट्ट, किती लांबून, हे कुणी सांगू शकत नाही. मी जुन्या तुटक्या बंपराचे तुकडे घेतले आणि कामाला लागलो. पहिला तुकडा झाला, दुसरा, पाचवा. डोळ्यानं बघितलं तर सगळे सारखे. बोटानं बघितलं तर मला काहीच ठरवता येईना. माझी बोटं स्पिरिटनं आणि घासण्याच्या कागदानं इतकी निबर झाली आहेत की त्यांना गाव दिसलं तरी गल्ल्या दिसत नव्हत्या.

मी तुकडे पिशवीत घालून घरी गेलो. शैला गणेशचवथीच्या तयारीत होती, नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, सारण करायला रवा चाळत बसलेली. मी म्हटलं, डोळे मीट आणि यांतला कुठला याच्यासारखा ते सांग, आणि खऱ्या डॅशबोर्डचा सुटा काढलेला भाग तिच्या मांडीवर ठेवला. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग हात पदराला पुसले आणि डोळे मिटले.

पहिल्या तुकड्यावर बोट फिरवून म्हणाली, हा जाड रवा. दुसरा, हा शिऱ्याचा. तिसऱ्याला म्हणाली, हे तांदळाचं पीठ, याला दाणाच नाही. मी तिच्यासमोर उकिडवा बसून कान टवकारले होते. खऱ्या डॅशबोर्डवर तिनं दोन्ही हात फिरवले, थांबली, पुन्हा फिरवले.

“ह्यो बारीक रवो,” ती म्हणाली, “पण दोनदा चाळिल्लो. एके वटेन जाता.”

एका बाजूला जातो. हे मला डोळ्यांनी इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. कारखान्याचा दाणा नुसता विखुरलेला नसतो, तो किंचित एका दिशेला कललेला असतो. मी नेवऱ्यांची, सणाची, कशाचीही पर्वा न करता तसाच उठून शेडवर धावलो. बंदूक तिरपी धरली, डावीकडून उजवीकडे, एकाच चालीनं. तीन दिवस मी शेड आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ये-जा करत होतो आणि शैला सारणाच्या हातानं माझे तुकडे नापास करत होती. एक तुकडा तिनं दोनदा हातात घेतला आणि विचारलं, ह्यो खरो काय? तो माझा होता. मी तिला नेवऱ्या तळायला बसू दिलं नाही, आधी हातात हात घेऊन अंगणात फिरवलं. शेजारच्या वहिनी खिडकीतून बघत होत्या. बघू देत.

त्यानंतरचं काम म्हणजे माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम. अस्तर बसलं, दाणा बसला, रंग बसला. रंगसुद्धा मी मूळचाच जुळवला, राखदाणीच्या मागे जिथे ऊन पोचलं नव्हतं तिथला बघून. कुणी बघणार नव्हतं, तरी. चार दिवस स्वच्छ ऊन पडलं, लॅकरमध्ये ढगाचा मागमूस नाही. टेप ओढली तेव्हा मी ‘वा’ म्हणायलासुद्धा विसरलो. सुषमाही हौशी, तिनं त्याच आठवड्यात नव्या सीट शिवून घेतल्या, स्टिअरिंगला नवं कातडी आवरण घातलं. बाबांना सगळं नवं वाटू दे, म्हणाली.

ती गाडी घ्यायला आली. ती पुढे निघाली आणि मी माझी स्कूटर काढून तिच्या मागोमाग केरीला गेलो. मला बोलावलं नव्हतं. पण ज्यानं काम केलं त्यानं निकालाला हजर राहू नये, असं कुठे आहे?

काकांना तिनं दंडाला धरून अंगणात आणलं. उंच माणूस, हाडं दिसायला लागलेली, इस्त्रीचा पांढरा शर्ट. मी आल्याचं तिनं सांगितलं, त्यांनी मान हलवली. ते चालकाच्या जागेवर बसले. उजवा हात डॅशबोर्डवर ठेवला आणि हळूहळू डावीकडे नेऊ लागले. मी दाराला धरून उभा होतो. त्यांचा हात पहिल्या चिरेच्या जागी आला आणि पुढे गेला. थांबला नाही. दुसऱ्या चिरेच्या जागी आला, पुढे गेला. मी सुषमाला डोळ्यानंच खूण केली. काकांच्या चेहऱ्यावर हसू येत होतं.

मग हात परत आला. स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला, हवेच्या जाळीच्या वर, बोटं काहीतरी शोधायला लागली. एकदा, दोनदा. हसू गेलं. त्यांनी नव्या सीटवर हात फिरवला, स्टिअरिंगचं आवरण चाचपलं, नाकानं वास घेतला. गाडीत अर्थातच नव्या रंगाचा वास होता.

“सुषमा, हांगा भोक होतां,” ते म्हणाले. “ही माझी गाडी न्हय. विकलंस तर विकलंय म्हणान सांग. आंधळ्याक फसवू नको.”

आणि उतरले. काठी न मागता, भिंतीच्या आधारानं आत गेले आणि खाटेवर तोंड फिरवून निजले.

सुषमा रडायला लागली. तिच्या लेखी ते इतर डाग-भोकांतलंच एक होतं, कशाचं ते तिला माहीत नव्हतं. ती उठायच्या आधीच काका गाडीत जाऊन बसायचे, तिथे काय करायचे हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. पण मला माहीत होतं. ते भोक मीच भरलं होतं. कडेला काळवंडलेलं, आत राखेसारखं काही. मला वाटलं, कुणा पाहुण्यानं विडी टेकवली असेल. चिरा भरताना मी तेही भरून टाकलं, घासलं, वर दाणा पाडला. कुणाला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. ते उदबत्तीचं भोक होतं. आमच्याकडे कुठला टॅक्सीवाला उदबत्ती न लावता गाडी काढतो? मी स्वतः ट्रकांच्या पुढ्यात शेकडो उदबत्त्या बघितल्या आहेत. तरी माझ्या रंगाच्या धुंदीत मला ते नुसतं एक डाग लागलेलं भोक दिसलं.

मी आत गेलो. खाटेजवळ जमिनीवर बसलो आणि त्यांना सांगितलं की भोक मी बुजवलंय, गाडी तीच आहे. त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं नाही. मी म्हटलं, काका, माझ्यावर विश्वास ठेवू नका. फक्त एकदा बाहेर येऊन ते भोक कुठे होतं तेवढं बोट ठेवून दाखवा, मग तुम्ही म्हणाल ते. मग त्यांनी पाय खाली सोडले.

गाडीत बसून त्यांनी स्टिअरिंगच्या मधोमध अंगठा टेकवला, डावीकडे एक वीत मोजली, तिथून वर दोन बोटं, आणि तर्जनी टेकवली. मोजपट्टी घेऊन कुणी एवढं अचूक दाखवणार नाही. मी त्यांना बोट तसंच ठेवायला सांगितलं. त्या जाळीवरची पट्टी दोन स्क्रूवर असते. मी स्क्रू सोडवले, पट्टी त्यांच्या बोटासकट अलगद उचलली, त्यांचा दुसरा हात धरला आणि खालच्या बाजूला नेला. वरून मी सगळं घासून रेशमासारखं केलं होतं. पण खालून कोण बघतो? तिथे भोकातून उतरलेला भरण्याचा खरबरीत गोळा तसाच राहिला होता. त्यांच्या वरच्या बोटाच्या बरोबर खाली.

त्यांनी तो गोळा चाचपला. वरून एक बोट, खालून एक बोट, मधे माझा भरणा. त्यांचे ओठ हलले. मग मला सांगायला लागले, आधी ते पितळी उभं घर ठेवायचे उदबत्तीला, पण मालप्याच्या वळणावर ते घसरून एका पाहुण्याच्या पँटीवर पडलं, तो माणूस गाडीतून ओरडत उतरला. त्याच दिवशी घरी येऊन त्यांनी खिळा तापवून हे भोक पाडलं. नव्या गाडीला. बायको दोन दिवस बोलली नव्हती.

मी सुषमाकडे खिळा मागितला. ती माझ्याकडे बघतच राहिली, कारण तिनं माझे ते तीन दिवस ऐकले होते, रवा आणि सारण आणि सगळं. मी स्वतःच स्वयंपाकघरात गेलो, खिळा सांडशीत धरून गॅसवर लाल केला. पट्टी पुन्हा जागेवर बसवली. काकांनी बोट ठेवलं, मी म्हटलं, आता काढा. आणि माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या कामात मी लाल खिळा घुसवला. धूर निघाला, दाणा वितळला, कडा काळी पडली. मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्या क्षणी मला जो आनंद झाला तो एकाही टेपेनं कधी दिला नव्हता.

काकांनी भोकात बोटाचं टोक घातलं, फिरवलं. मग म्हणाले, भोक जरा वाकडं पडलं, पूर्वीचं सरळ होतं. मी कबूल केलं. माझ्या त्या कामात दोष काढणारे ते आजवरचे एकमेव.

सुषमानं उदबत्ती आणून दिली. त्यांनी स्वतः पेटवली, खोचली, हात जोडले. राख माझ्या नव्या लॅकरवर पडायला लागली. मग ते उतरले, आणि आम्हाला वाटलं घरात जाताहेत. ते बोनेटला हात लावत गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले, दार उघडून बसले आणि सुषमाला म्हणाले, किल्ली घे, चल. कित्येक महिन्यांत फाटकाबाहेर न गेलेला माणूस. तिनं विचारलंसुद्धा नाही कुठे. धावत आत गेली, चपला न घालताच येऊन गाडी सुरू केली.

मी बाजूला उभा होतो. काकांनी खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या दारावर थाप मारली, टॅक्सीवाले मारतात तशी. मी दार उघडून मागे बसलो. उदबत्तीचा वास भरला होता. काका ताठ बसले, शर्टाची कॉलर सारखी केली आणि मान जराशी वळवून, अस्सल धंद्याच्या आवाजात विचारलं, “खंय सोडूं तुका?”

माझी स्कूटर त्यांच्या अंगणातच उभी होती. तरी मी म्हटलं, “पेडण्याक सोड, काका.”